करंट कसा शांत झाला

९ नोव्हेंबर, रविवार

सोफ्याचा डावा हात गेला. नुसतं कापड नव्हे — कापड, त्याखालचा फोम, त्याखालचं गोणपाट आणि त्याखालची सागवानी पट्टी, इथपर्यंत. पट्टीवरच्या खुणा तिरप्या आहेत. म्हणजे दाढेत धरून, मान वाकडी करून चावली. खेळता खेळता होणारं काम नाही हे. मन लावून केलेलं आहे.

आम्ही तिघं औशाला एका लग्नाला गेलो होतो. घरी करंट एकटा. कुलूप काढलं आणि प्रियदर्शनी उंबऱ्यातच थांबली. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून येते म्हणून बायको घरी सहसा आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. त्याचीच भीती वाटली. म्हणाली, "लुंबिनीची नीटची परीक्षा मे महिन्यात आहे. दुसऱ्यांदा बसतीय पोरगी. ह्या घरात एक तर तिचा अभ्यास होईल, न्हाई तर हे कुत्रं ऱ्हाईल. नवीन वर्षापर्यंत सुधरलं तर ठीक. न्हाई तर ज्याचं त्याला नेऊन द्या."

मी म्हणालो, सुधरेल. मी सुधरवेन.

लुंबिनी खाली बसून फोमचे तुकडे वेचत राहिली. करंटनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलेलं — जणू कष्ट करून तोच दमलाय!

११ नोव्हेंबर

ज्याचं त्याला, म्हणजे व्यंकटरावांना. शिरूर अनंतपाळच्या पुढं त्यांचं शेत आहे. त्यांची बोअरमधली मोटर जळाली होती, ती मी भरून दिली. आतल्या तांब्याच्या तारेचं वाइंडिंग असं की कंपनीचं बाजूला ठेवा. खुशीत त्यांनी हे पिल्लू आणून माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलं. अस्सल कारवानी. शिकारी जात. रंग हुरड्याच्या राखेसारखा, तोंड निमुळतं, पाय काठ्यांसारखे, कंबर मुठीत मावेल अशी.

आज फोन लावला. "व्यंकटराव, हा सोफा खाऊन राहिला."

"पळवता का न्हाई?"

"फिरवतो की. रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत. पट्टा लावून."

तिकडून हसू. "आवो विनोदराव, ते काय बीपीचं पेशंट हाय का फिरवायला? मोकळं सोडा त्याला. अंग भरून पळू द्या. कारवानीचं डोकं पायात असतंय."

त्यांचं ठीक आहे. चहूकडं रान. लातुरात मोकळं सोडलं तर रिंग रोडवर ट्रकखाली जायचं. शिवाय दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तसंच करायचं, ही माझी पद्धत नाही. वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही. आयटीआयची पायरी चढलो नाही. जळकी मोटर घेतली, एकेक वेढा उकलला, जसा उकलला तसा परत भरला. चालली! आज एमआयडीसीत माझ्या दुकानाचं नाव आहे. कुत्रंही तसंच उकलून बघता येईल.

१४ नोव्हेंबर

चप्पल गेली. माझी असती तर लिहिलंही नसतं. शेजारच्या माधवरावांची. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेला माणूस; अर्धी चप्पल हातात धरून फाटकात उभे.

"चपलेचं सोडा हो, विनोदराव. पण ह्याला जेवायला घालत चला. बरगड्या मोजता येतात. भुकेपायी चामडं खातंय बिचारं."

चार माणसं ऐकत होती. मी म्हणालो, जातच अशी असते, सर. पोट सुटलेला कारवानी कुणी पाहिलाय का? त्यांनी नुसतं "हं" केलं.

त्या "हं"वर मी दिवसभर चिडलेला. संध्याकाळपासून खुराक बदलला. दूध, उकडलेली अंडी, भिजवलेले शेंगदाणे. बघू आता कुणाला बरगड्या दिसतात.

१८ नोव्हेंबर

बरगड्या तशाच. ताकद दुप्पट!

आज इन्व्हर्टरची वायर. माझ्या घरात, वायर! नशीब, दुरुस्तीसाठी मी ती सोडवून ठेवली होती. वरचं प्लास्टिक खाल्लेलं, आतल्या तांब्याच्या तारा मात्र सुट्या करून पसरून ठेवलेल्या. दुकानातल्या पोरांनाही टोक इतकं स्वच्छ सोलता येत नाही.

आणखी एक. लुंबिनी आपल्या ताटातली भाकर टेबलाखालून त्याला देते. आज पकडलं. म्हणालो, त्याचा खुराक मी ठरवलाय, मध्ये ढवळाढवळ नको.

"मला जात नाही, पप्पा."

"जात नाही तर झाकून ठेव. कुत्र्याला कशाला?"

तिनं झाकून ठेवली.

२१ नोव्हेंबर

लाकडाला मिरचीचा ठेचा लावून ठेवला. खुर्च्यांचे पाय, टेबलाचे कोपरे, दाराच्या कडा, सगळीकडं एकसारखा थर, ब्रशनं. करंटनं तो सगळा चाटून साफ केला. मग बादलीभर पाणी प्यायला. मग हॉलमध्ये ते पाणी सोडलं. प्रियदर्शनीनं पोछा माझ्या हातात दिला.

२४ नोव्हेंबर

सापडलं! आता लिहून ठेवतो.

आज दुकान बंद ठेवलं. प्रियदर्शनी शाळेच्या गाडीला गेली, लुंबिनी क्लासला. मीही मोटरसायकल काढल्याचं नाटक केलं, कोपऱ्यावर गाडी लावली आणि मागच्या बाजूनं येऊन खिडकीच्या फटीतून बघत उभा राहिलो. माधवरावांच्या सौदामिनीबाईंनी गच्चीवरून पाहिलं. "स्वतःच्याच घरात चोरी का हो, भाऊजी?" हात जोडून गप्प केलं त्यांना.

करंट आधी झोपला. मग बाहेरून गॅसची गाडी गेली. उठला. खिडकीला नाक. मग कबुतर. मग कुणाचं तरी पोरगं सायकलवरून. प्रत्येक वेळी त्याच्या अंगातून शिरशिरी जाते — कानापासून शेपटीपर्यंत, मला स्पष्ट दिसली. मग हॉलभर गोल गोल धावणं, फरशीवर घसरणं, भिंतीला आपटणं. आणि त्यानंतर, पळायला जागाच नाही म्हटल्यावर, सोफ्याचा दुसरा हात.

म्हणजे दोष कुत्र्याचा नाही. बाहेरून आत येणाऱ्या लाइनचा आहे. मोटरमध्ये नको तेवढा करंट येत राहिला की ती तापणार, जळणार. उपाय काय? लाइन कापायची. खोली अंधारी केली, बाहेरचं दिसायचं बंद केलं, की जनावर थंड. इतकं सोपं! आणि मी अंडी खाऊ घालत बसलो.

२६ नोव्हेंबर

सगळ्या खिडक्यांना पोती लावली. खिळे ठोकले नाहीत, आकडे बसवले, काढता-घालता येतात. दाराच्या फटीला रबर. हॉलमध्ये बल्बही नाही.

प्रियदर्शनी म्हणाली, "कोंबड्यांचं खुराडं केलं घराचं."

लुंबिनी अंधारात उभी राहून बघत होती. "दिवसभर असं ठेवणार त्याला? त्याला काय वाटत असंल, पप्पा?"

म्हणालो, काही वाटायचं कामच राहत नाही. तोच तर मुद्दा आहे. आणि तुझ्या टेबलासमोरही एक पोतं लावायला पाहिजे. पुस्तक समोर आणि नजर रस्त्यावर.

चेष्टेनं म्हणालो. ती हसली नाही.

२ डिसेंबर

घरात पाऊल टाकलं. करंटला कोंडलं होतं त्या आतल्या खोलीच्या दाराची खालची फळी — नाही! फळी होती तिथं भोक. त्यातून करंटचं तोंड बाहेर आलेलं, शेपटी हलवतोय. नाकाला रक्त.

प्रियदर्शनी म्हणाली, "महिनाच राहिलाय." लुंबिनीनं त्याच्या नाकाला हळद लावली. रडू नको म्हणालो. नवीन उपाय लागू व्हायला वेळ लागतो.

५ डिसेंबर

घरात काहीच फाटलेलं नाही. दोनदा बघितलं. टॉर्च लावून, गुडघ्यांवर रांगत, सोफ्याखालीसुद्धा. काहीच नाही.

९ डिसेंबर

आजही नाही. करंट पोत्याच्या अंधारात पाय ताणून झोपलेला. मी आलो तर उठलाही नाही, नुसती शेपटी आपटली. मला तर धक्काच बसला. मरून तर पडला नाही ना, म्हणून छातीवर हात ठेवून बघितलं! ठोके संथ. एकसारखे. नवीन बेअरिंग घातलेल्या मोटरसारखे.

लागू झाला उपाय.

१५ डिसेंबर

बारकावे लिहून ठेवतो, पुढं कामाला येतील.

एक — नखं झिजलेली आहेत. आधी फरशीवर टकटक वाजायची, आता नाही. शांत झाल्यावर जनावर फरशीवर पाय घासून घासून बसतं, त्यानं झिजली असणार. दोन — पंज्यांच्या गाद्या कडक झाल्यात. तीन — शेपटीच्या केसांत गोखरूचे काटे सापडले. घरात गोखरू? विचार केला तेव्हा लक्षात आलं. पोती. शेतमालाची आहेत, त्यांना चिकटून आलेले. खिडकीची पोती आज झटकून घेतली.

लुंबिनीला भूक लागायला लागलीय. काल दोन भाकरी आणि वर भात. तोंडावर तजेला. क्लासचा अभ्यास मनावर घेतलेला दिसतो. घर शांत झालं की असंच होतं — हे मी प्रियदर्शनीला बोलून दाखवलं. ती भाजी चिरत होती. "हाव," एवढंच म्हणाली.

२१ डिसेंबर, रविवार

माधवराव स्वतः घरी आले. हॉलमध्ये बसले, करंट त्यांच्या पायाशी. नवीन चपलेकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही!

"मानलं बुवा तुम्हाला. हे कुठं शिकलात?"

"कुठंच नाही, सर. डोकं लावलं."

त्यांनीच आग्रह केला म्हणून मोबाइलवर व्हिडिओ केला. पोती दाखवली, आकडे कसे बसवायचे ते दाखवलं, लाइन कापण्याचं तत्त्व समजावलं. माधवरावांनी शूटिंग केलं. लुंबिनीला म्हणालो, तूही दोन शब्द बोल. ती "मला अभ्यास आहे" म्हणून उठून गेली. लाजाळू आहे.

२६ डिसेंबर

व्हिडिओ नांदेडपर्यंत गेला. मेहुणा तिकडं बँकेत आहे, त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरतोय. बिलोलीहून धम्मानंद म्हणून एकाचा फोन आला. त्याच्या जर्मन शेफर्डनं दिवाणाचा गादीखालचा प्लाय खाल्ला. "सर, मार्गदर्शन करा." सर! मी सगळं समजावून सांगितलं. पोत्याची जाडीसुद्धा. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, "पण पळवायला नको का त्याला?" म्हणालो, हीच तर लोकांची चूक होते.

१ जानेवारी

मुदत संपली. सकाळी मुद्दाम विषय काढला, "मग? नेऊन देऊ का व्यंकटरावांना?"

प्रियदर्शनी पर्समध्ये किल्ल्या शोधत होती. "राहू द्या की."

जिंकलो. पण हे म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

८ जानेवारी

धम्मानंदचा फोन. "सर, तुम्ही म्हणला तसं अंधारात ठेवलं. त्यानं दरवाजाच खाल्ला. आता बायको म्हणतीय, तुमच्या सरलाच बोलवा दुरुस्तीला."

म्हणालो, पोतं लावताना तुमची कुठंतरी फट राहिली असेल. तो म्हणाला, "फट न्हाई, सर. अंधारात मलाच ठेचा लागल्या."

बिलोलीची माणसं जरा घाईचीच.

१९ जानेवारी, सोमवार

दुकानात उभ्यानंच लिहितोय. अक्षर असं आलंय, येऊ दे.

दुपारी दुकानात एक जण मोटर घेऊन आला. रविकिरण नाव. सैन्यातून परत आलाय, पोलीस भरतीच्या पोरापोरींना रिंग रोडपलीकडच्या माळावर पळण्याचा सराव देतो. तिथल्या बोअरची मोटर जळालेली. मी ती खोलत होतो, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला आणि स्क्रीनवर करंटचा फोटो उजळला.

"आरं! हा करंटच न्हाई का?"

मला बरं वाटलं. म्हणालो, "हाव. व्हिडिओ पाहिला वाटतं तुम्ही?"

"कसला व्हिडिओ, मामा? रोज ग्राउंडवर बघतो की त्याला. लुंबिनीचा करंट. तुमच्याकडं त्याचा फोटो कसा?"

हातातला पाना खाली ठेवला. विचारलं, "लुंबिनी कोण?"

का विचारलं, मला माहीत नाही. माझ्या पोरीचं नाव, आणि मी कोण म्हणून विचारलं.

"हाय एक पोरगी. आमच्या बॅचची न्हाई. आमची पोरं घरी गेली की येती, कुत्रं सोडती, आन् पळत्यात दोघं. कारवानीच्या बरोबरीनं माणूस पळंल का? पर ही मागं हटत न्हाई. पडती, उठती, पुन्हा. मी म्हणलं, भरतीला बस की पोरी, तुझं तर हसत हसत हुतंय. तर म्हणती, पप्पा डॉक्टर करून राहिलेत मला. म्हणलं, आण एकदा तुझ्या पप्पाला हितं."

"कधीपासून येते?"

"डिसेंबर लागला तवापासून."

पुढं तो मोटरबद्दल काही बोलला. मी मान हलवत होतो.

डिसेंबर लागला तेव्हापासून. नखं. पंजे. गोखरू. भाकरी. एकही बारकावा मी चुकीचा टिपला नव्हता. एकाचंही कारण बरोबर नव्हतं.

१९ जानेवारी, संध्याकाळ

घरी आलो. विचारलं, "क्लासला जातेस का तू?"

"नाही."

खोटं बोलली असती तर ओरडता तरी आलं असतं.

"का?"

"तिथं मला बसवत नाही, पप्पा. एवढी सगळी पोरं खेटून, सगळ्या खिडक्या बंद, वरून एसी. छाती भरून येते. पाय आपोआप हलतात. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणती, लाथा मारू नको. मागच्या वर्षी पण असंच व्हायचं. सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं? मला आठवेना. मी म्हणालो, बसायची सवय लावून घ्यावी लागते. करंटसारखं जनावर, त्यालासुद्धा मी बसवून दाखवलं —

"तुम्ही नाही बसवलं."

किती हळू बोलली!

"पोती मी रोज काढत होते, पप्पा. तुम्ही दोघं गेलात की काढायची, आणि तुम्ही यायच्या आत परत लावायची. तुम्ही एवढं मनानं केलेलं. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

करंट आमच्या दोघांच्या मध्ये झोपला होता. त्याच्या पोटावरून एक मुंगी जात होती. मी तिच्याकडं बघत राहिलो.

मग एकदम सुचलं. क्लासवाले गैरहजेरीचा मेसेज पाठवतात. आईबापाच्या मोबाइलवर. मला तर एकही आला नाही.

"माझ्या मोबाइलवर येतात," स्वयंपाकघरातून प्रियदर्शनी.

ती हात पुसत दारात आली. "पहिला मेसेज आला तवाच विचारलं मी हिला. रडली. तुम्ही दोन महिने कुत्र्याचे दात बघत बसलात, पोरगी ताटावरून उपाशी उठत होती ते दिसलं न्हाई तुम्हाला. पळून आली की जेवती. म्हणून गप बसले."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिलापण पोतं लावलं असतं."

२२ जानेवारी

मी विचार केला. नीट विचार केला, रागात नाही.

लुंबिनी हुशार आहे. दहावीला शाळेत पहिली. मागच्या वर्षी थोडक्यात गेलं. डॉक्टर होणारच. आमच्या अख्ख्या घराण्यात अजून कोणी झालेलं नाही. माझा बाप मरेपर्यंत बिगारी काम करत होता. मी तारा भरतो. तिनं माणसं बरी करायची. भरतीला जाऊन बंदोबस्ताला उभी राहायची नाही. हे सगळं फिसकटलं कुठून? कुत्र्यापासून. कुत्रं नसतं तर ती माळावर गेलीच नसती.

रविवारी नेऊन देतो.

प्रियदर्शनीला सांगितलं. ज्या बाईनं मला नवीन वर्षाची मुदत दिली होती, तीच म्हणाली, "नका नेऊ."

२५ जानेवारी, रविवार

नेऊन दिला.

लुंबिनीनं पट्टा स्वतः बांधला. बकल एका भोकानं सैल केलं, वाटेत गळ्याला काचू नये म्हणून. फाटकापर्यंत आली नाही. माधवरावांचा छोटा टेम्पो मागून घेतला, मागं गोणपाट अंथरलं. शिरूर येईपर्यंत करंट उभाच होता. वारा तोंडावर घेत.

व्यंकटराव बांधावर होते. "का हो? शांत झाला म्हणला व्हता की! माझ्या पोरानं व्हिडिओ दाखवला. पोती का काय तरी."

"घरात अडचण आहे," म्हणालो.

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पट्टा सोडला. हरभऱ्याच्या पलीकडं मोकळं पडीक रान होतं.

करंट एक क्षण उभा राहिला. मग गेला.

मी असं काही पाहिलेलं नाही. पाय जमिनीला लागत होते की नाही, कळत नव्हतं. पाठीची कमान होत होती आणि सुटत होती, होत होती आणि सुटत होती. रानाच्या टोकाला पोचला, वळला, धुळीचा लोट मागं राहिला आणि तो आमच्याकडं आला. इतके महिने माझ्या घरात होता. त्याचे दात, नखं, पंजे, ठोके — सगळं मी बघितलं होतं. मोकळं पळताना बघितलंच नव्हतं.

आला तो थेट टेम्पोपाशी. मागची फळी उघडी होती, उडी मारून आत बसला. चला म्हणून.

व्यंकटरावांनी त्याला उचलून खाली घेतलं. "जावा तुम्ही. थांबू नका. बघू नका मागं."

नाही बघितलं.

२७ जानेवारी

नवीन व्यवस्था. सकाळी लुंबिनीला मी स्वतः क्लासच्या दारात सोडतो. संध्याकाळी दुकानातला माणूस तिला क्लासच्या दारातून घेतो आणि घरी आणून सोडतो. मेसेज आता माझ्या मोबाइलवर येणार. तिनं एका शब्दानंही विरोध केला नाही. सांगितलं तसं वागते. जेवताना मात्र ताटात चिवडत बसते. होईल सवय.

खिडक्यांची पोती काढायला घेतली होती. मग म्हटलं, राहू देत. अभ्यासात लक्ष तरी लागेल.

३० जानेवारी

दुकानातून आलो. लुंबिनीच्या खोलीत घोट्यापर्यंत कागद. क्लासची सगळी पुस्तकं, दोन्ही वर्षांच्या वह्या — एक पान अखंड नाही. उशीचा कापूस पंख्यावर. टेबलाचा एक पाय मुळातून उपटलेला. खिडकीवरच्या पोत्याच्या चिंध्या.

तोंडातून हाक गेली, "करंट!" करंट तर शिरूरला होता.

भिंतीला टेकून ती कागदांत बसली होती. नखांतून रक्त. डोळे उघडे.

मागून प्रियदर्शनी आली. पर्स अजून खांद्यावर. खोली बघितली, पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता हिला कुणाकडं नेऊन देता?"